शब्द आले, आणि इथलेच झाले

बोर्ली पंचतनच्या बाजारात पाव, साबण आणि पेरू मागताना आपण लॅटिनच्या नातवंडांना हाक मारतोय, हे कुणाच्या मनातही येत नाही. पण हे शब्द पोर्तुगीजांबरोबर आले, आणि पोर्तुगीज ही लॅटिनची लेक. लॅटिन ‘पानिस’चा पाव झाला. ‘पिरुम’ म्हणजे नासपती. ते नाव इथे पेरूला चिकटलं असं मानतात. अशा शब्दांवर दालगादो या गोमंतकीय पंडितांनी १९१३ साली अख्खा ग्रंथच लिहिला.

मला मात्र शब्द कुठून आला यापेक्षा इथे आल्यावर त्याचं काय झालं, यात जास्त गंमत वाटते. पोर्तुगीज ‘पगार’ हे क्रियापद, अर्थ पैसे चुकते करणे. आपण त्याचं नाम केलं, वर ‘पगाराला’, ‘पगारात’ असं सामान्यरूपही दिलं. ‘चावी’च्या ‘चाव्या’ झाल्या. यालाच काही जण नाक मुरडून भ्रष्ट रूप म्हणतात.

उत्तर आफ्रिकेत एकेकाळी रोमनांचं राज्य होतं. तिथल्या बर्बर भाषांनीही हेच केलं. काबिलियाच्या डोंगरात त्याच ‘पिरुम’च्या कुळातला शब्द ‘तिफिरेस्त’ झाला. पुढे एक त, शेवटी एक त, ही बर्बरमधली स्त्रीलिंगाची खूण. ‘आगेर’ म्हणजे शेत. त्याचा ‘इगर’ झाला आणि अनेकवचन अस्सल बर्बर पद्धतीचं, ‘इग्रान’. याला कोण भ्रष्ट लॅटिन म्हणेल?

आता जवळ येऊ. बोर्लीहून दिघी, तिथून बोटीने आगरदांडा, मग मुरूड ओलांडून उत्तरेला कोर्लई. पोर्तुगीजांनी ते १७४० साली सोडलं. तिथल्या ख्रिस्ती वाडीत मात्र त्यांच्या भाषेतून घडलेली बोली अजून बोलतात. बोलणारे हजाराच्या आसपास. ते तिला ‘नोलिंग’ म्हणतात, म्हणजे आपली भाषा. शब्द बरेचसे पोर्तुगीज, पण क्रियापद मराठीसारखं वाक्याच्या शेवटी!

तिला ‘मोडकं पोर्तुगीज’ म्हणणं मला अजिबात पटत नाही. मोडकं म्हटलं की पोरांना घरात बोलायची लाज वाटते, आणि भाषा जाते ती अशाच लाजेपायी. आपला पगार जर शुद्ध मराठी असेल, तर नोलिंगही शुद्धच आहे. कोर्लईला गेलात तर किल्ला जरूर बघा, पण खाली वाडीत दोन शब्दही ऐकून या.