गड अर्ध्यावर सोडू नका

कल्याणहून बस पकडायची, पायऱ्या चढायच्या, पहिली सलामी, दुसरी सलामी करीत हाजी मलंग बाबांच्या दर्ग्यावर पोचायचे, चादर चढवायची, फातेहा पढायची आणि उतरायचे. पिढ्यान्‌पिढ्या आपण हेच करीत आलो. दर्ग्याच्या पीरमाचीवर सोनेमाची आहे, तिच्याही वर बालेकिल्ला आहे, हे आपल्यापैकी किती जणांनी पाहिले? आपल्यासाठी मलंगगड दर्ग्यापाशीच संपतो.

नेमके हेच काहींच्या पथ्यावर पडते. गड त्यांचा आणि आपण तिथे घुसलेले परके, अशी मांडणी मग सोपी होते. १९८०च्या दशकात आनंद दिघे यांनी 'मलंगगड मुक्ती'ची हाक दिली. जानेवारी २०२४ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी तिचा पुनरुच्चार केला. मुक्ती, पण कुणापासून? दर्ग्याची वहिवाट तर पिढ्यान्‌पिढ्या कल्याणच्या केतकर या ब्राह्मण घराण्याकडे! ती मुसलमानांकडे असावी म्हणून वाद झाला, तेव्हा १८१७ साली चिठ्ठ्या टाकल्या गेल्या आणि तिन्ही वेळा कौल केतकरांच्या बाजूने पडला, अशी नोंद ठाणे जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरात आहे. म्हणजे भांडखोरपणा आपल्याही पूर्वजांनी केला. पण कौल मानला. आज कौल मानायला कोण तयार आहे?

या गडाला मोठा वेढा पडला तो १७८० साली, इंग्रजांचा. कॅप्टन अ‍ॅबिंग्टनने खालचा भाग घेतला, बालेकिल्ला मात्र त्याच्या हाती लागला नाही. गड लढला तो परक्या सत्तेशी. दर्ग्याशी त्याचे वैर कधी होते?

पण दोष केवळ त्यांना देऊन भागणार नाही. दर्ग्यावर जावे की न जावे, यावर आपण तासन्‌तास हुज्जत घालतो. मुलांना मात्र गडाचा इतिहास सांगत नाही. किल्ले म्हणजे 'त्यांचे', हे आपणही मुकाट्याने मान्य केले आहे. जो वारसा आपण स्वतःच टाकून दिला, तो कुणी हिरावून घेतला अशी तक्रार कोणत्या तोंडाने करणार?

पुढच्या वेळी जियारत झाली की मुलांना घेऊन वर निघा. बालेकिल्ल्याची वाट अवघड आहे, जाणकार सोबत घ्या. तिथली खडकात खोदलेली पाण्याची टाकी त्यांना दाखवा. येताना प्लास्टिकच्या बाटल्या खाली आणा. हा गड आपलाही आहे. तो नुसत्या घोषणेने आपला होणार नाही, त्यासाठी तो पुरता चढावा लागेल.