मेंदूची आकृती आणि मण्यारीचे विष

नववीच्या विज्ञानात चेतासंस्था आहेच, मग आणखी काय शिकवायचे, असे म्हणणाऱ्यांचा आक्षेप खोटा नाही, अपुरा आहे. प्रमस्तिष्क, अनुमस्तिष्क, मस्तिष्कपुच्छ ही नावे, वृक्षिका आणि अक्षतंतू दाखवणारी आकृती, प्रतिक्षिप्त क्रियेची व्याख्या, एवढ्यावर परीक्षा निभावते. पण एका चेतापेशीतला आवेग पुढच्या पेशीपर्यंत किंवा स्नायूपर्यंत पोचतो कसा, हा विषयाचा गाभा वर्गात ओझरताच येतो. जळगाव-धुळ्याच्या मुलांसाठी नेमका तोच भाग जिवाशी निगडित आहे, आणि धडा तिथूनच सुरू व्हावा असे माझे म्हणणे आहे.

आवेग विजेसारखा तंतूच्या टोकापर्यंत येतो आणि तिथे अडतो, कारण पुढे अतिसूक्ष्म फट असते. ती ओलांडण्यासाठी टोकातून अ‍ॅसिटिलकोलिन हे रसायन सुटते, स्नायू आकसतो, आणि काम होताच एक विकर त्या रसायनाचे तुकडे करते. निरोप पोचणे जितके गरजेचे तितकेच तो संपणेही. कपाशीवर मारली जाणारी ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली औषधे हेच विकर बंद पाडतात. कीड मरते ती त्यामुळे. आणि माणसातही ही घडण तीच असल्याने पाठीवर पंप घेतलेला मजूर सुटत नाही. तोंडाला लाळ, डोळ्यांना पाणी, घामाच्या धारा, टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या, स्नायूंची थरथर, शेवटी कोंडलेला श्वास, ही यादी घोकावी लागत नाही. न थांबणारा निरोप कुठे कुठे जाईल याचा विचार केला की ती मुलांना स्वतःच मांडता येते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्याआधी, जुलै २०१३ मध्ये, बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतल्या मध्यान्ह भोजनात याच गटातले मोनोक्रोटोफॉस मिसळले जाऊन २३ मुले गेली. कपाशीचा पट्टा म्हणवणाऱ्या खानदेशाने या बातम्या दुसऱ्यांच्या म्हणून वाचाव्यात, असे काही नाही.

यावर म्हटले जाते की हा वैद्यकाचा प्रांत; अर्धवट माहितीने मुले घरीच उपचार करू लागतील. मला तर उलटे दिसते. मण्यार घ्या. ती बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते. दुखत नाही, फारशी सूजही येत नाही. तिचे विष चेतातंतूंची टोकेच निकामी करते, म्हणजे रसायन सुटणेच बंद. नागाचे विष मुख्यतः पलीकडे, स्नायूवर ते रसायन झेलणाऱ्या ग्राहकांना जाऊन चिकटते. दोन्हींत पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही, मग श्वासाचे स्नायू थकतात. प्रतिविष शरीरात फिरणारे विष बांधते. मण्यारीने बिघडवलेली टोके मात्र ते लगेच दुरुस्त करू शकत नाही, ती सावरायला दिवस लागतात, तोवर व्हेंटिलेटरच श्वास घेतो. हे ज्याला कळले तो दोरी आवळत, जखम चिरत किंवा भगताच्या दारात बसून वेळ घालवणार नाही. (भगताचे यश बिनविषारी सापांवर उभे असते, हेही त्याच तासाला सांगून टाकावे.) यंत्रणा कळली की उपाय सुचतो, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. विंचवाचे विष स्वायत्त चेतासंस्थेला खवळवते आणि त्याचा भार हृदयावर येतो, हे ओळखून महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध वापरले आणि कोकणातले कितीतरी रुग्ण वाचले. देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार मृत्यू झाले असा अंदाज आहे, आणि त्यांतले पावाहून अधिक पंधरा वर्षांखालच्या मुलांचे. म्हणजे ज्यांना हे ‘वैद्यकाचे’ म्हणून शिकवायचे नाही, मरणाऱ्यांत तीच आहेत.

दुसरा आक्षेप जड आहे. शेतकरी आत्महत्यांच्या प्रदेशात विषाची चर्चा वर्गात नको, असे सांगणाऱ्यांची काळजी खरी मानली पाहिजे. शिक्षकाने प्रमाण, परिणामाचा वेग किंवा कोणते औषध किती घातक याची चर्चा करूच नये. धडा लक्षणे ओळखण्याचा आणि दवाखाना गाठण्याचा असावा. पण गप्प राहिल्याने कोपऱ्यातली बाटली घरातून जात नाही. ती कुलपात राहावी, रिकामी झाल्यावर तिच्यात तेल भरू नये, फवारणीचे कपडे वेगळे धुवावेत, हे घरात आग्रहाने सांगणारे कोणी हवे, आणि बहुतेक घरांत ते काम शाळेतले मूलच करू शकते.

उरला प्रयोगशाळा नसल्याचा मुद्दा. तो मला फारसा गंभीर वाटत नाही. चोपडा, शिरपूर, साक्रीकडच्या साध्या शाळेतही पट्टी असते. एकाने ती उभी धरून सोडायची, दुसऱ्याने पकडायची. २० सेंटिमीटर घसरली तर डोळा-मेंदू-हात या प्रवासाला साधारण ०.२ सेकंद लागला, हे नववीच्याच गतीच्या समीकरणाने निघते. बाहुलीसाठी तर पट्टीही नको. मित्राचे डोळे क्षणभर झाकायचे, हात काढायचा, उजेडात बाहुली आकसताना दिसते, आणि ती आकसते तीही अ‍ॅसिटिलकोलिनमुळेच. फवारणीहून आलेल्या माणसाची बाहुली अंधाऱ्या खोलीतही बारीकच राहिली तर काय समजायचे आणि गाडी कुणाकडून मागायची, हे सांगायला शिक्षकाला त्यानंतर दोन मिनिटे पुरतात.