आधी पाझर मोजा

नीरा डाव्या कालव्याच्या अस्तरीकरणाचा विषय निघाला की बारामती-इंदापुरात दोन तट पडतात. एक म्हणतो, कालवा गळतोय, काँक्रीट करा. दुसरा म्हणतो, काँक्रीट केलंत तर आमच्या विहिरी आटतील. दोघेही खरं बोलतात, पण अर्धंच.

काँक्रीटवाल्यांचा सर्वांत बळकट मुद्दा ते स्वतः क्वचितच मांडतात, म्हणून मीच मांडतो. अस्तराने गळती कमी होते तशी पाण्याची चालही वाढते. मातीच्या पात्रात गवत, गाळ, खचलेले काठ पाण्याला धरून ठेवतात. त्याच उताराच्या, त्याच मापाच्या पात्राला गुळगुळीत अस्तर केलं, तर रूढ गुणांकांच्या हिशेबाने सुमारे १.४ पट पाणी वाहतं. आवर्तन लवकर उरकतं, टेलवाल्याची आशा वाढते. इथवर कबूल.

‘एकदा काँक्रीट केलं की दोन पिढ्या बघायला नको’ हे मात्र साफ नाकबूल. काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. तिच्या अंगावर थेट ओतलेलं काँक्रीट ती जुमानत नाही. मध्ये न फुगणाऱ्या चिकट मुरमाचा थर लागतो. मुंबई आयआयटीतले प्रा. कट्टी यांनी हे तंत्र सिद्ध करून दाखवलं. त्या थरात कंत्राटदाराने हात आखडला की काही पावसाळ्यांत अस्तर तडकतं. कालवा रिकामा असताना मागचं भूजल रेटा देतं, तो निराळाच. मग सांध्यांत गवत उगवतं आणि गळती परत येते, फक्त कर्ज काढून आलेली.

आता पाझरवाल्यांकडे वळू. पाझर विहिरींचा प्राण आहे, हे खरं. पण हा कालवा १८७६-७७ च्या दुष्काळात दुष्काळी काम म्हणून सुरू झाला आणि काही दशकांत त्याच्याच लाभक्षेत्रात जमिनी पाणथळ आणि चोपण होऊ लागल्या. मुंबई सरकारने १९१६ साली सिंचनाच्या अभ्यासासाठी जी खास शाखा काढली, तीच पुढे खडकवासल्याची केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्था झाली. दख्खनच्या कालव्यांखाली बिघडलेल्या जमिनी हे तिच्या पूर्वसूरींचं मोठं दुखणं होतं. तेव्हा ज्या पाझराला वाट काढून द्यायला चर खणले, त्याला आज सरसकट अमृत म्हणणं सोयीचं आहे, एवढंच. शिवाय तो पोचतो कालव्यालगतच्या विहिरीत. पाणी मागणीचा सात नंबरचा अर्ज भरून पाळीची वाट पाहत बसलेल्या शेपटाच्या माणसाला त्याचा काय उपयोग?

आणि बंद नळ? मुख्य कालव्याला नको, चाऱ्यांना जरूर. तिथे जमीन मोकळी होते, आडवी मोरी फोडून पाणी पळवणं अवघड जातं. फक्त गाळ आधी वरच बसवावा लागतो, नाहीतर पहिल्याच हंगामात नळ तुंबतात.

मग करायचं काय? कोणत्याही जुन्या चारीच्या तोंडाशी जाऊन उभे राहा. लोखंडी दाराचा आटा गेलेला, दांडा वाकलेला. फटीत उसाचं पाचट आणि मातीची गोणी कोंबलेली. शेजारी मोजपट्टी असायला हवी, तिथे नुसता गंज. म्हणजे किती पाणी आत गेलं हे कोणालाच ठाऊक नाही, आणि तरी वर शंभर टक्के अस्तराचं अंदाजपत्रक तयार! दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड प्रकल्पावर ओझरच्या शेतकऱ्यांनी बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राबरोबर १९९० च्या सुमारास टेलकडूनच सुरुवात केली. पाणीवापर संस्था काढल्या, पाणी घनमापाने मोजून घेतलं, वाटपही आपणच केलं. मापाने पाणी घेणाऱ्या संस्थांना पुढे शेतकऱ्यांच्या सिंचन व्यवस्थापनाच्या २००५ च्या कायद्याचा आधार मिळाला. काँक्रीट त्यांनी आधी मागितलं नाही.

तेव्हा माझं म्हणणं असं. जिथे कालवा भरावावरून जातो, जिथे तळ मुरमाड आहे, जिथे खालची शेतं आधीच चोपण झाली आहेत, तिथे अस्तर करा आणि चांगलं करा. जिथे खाली कोरडवाहू गावं विहिरींवर तगून आहेत, तिथे पाझर राहू द्या. पण त्या विहिरी पाण्याच्या हिशेबात धरा, पाणीपट्टीत धरा. चाऱ्या नळात घाला. दारं आणि मोजपट्ट्या सगळ्यांच्या आधी.

कोणता टप्पा कुठल्या रकान्यात बसतो, हे भाषणांनी ठरणार नाही. कालवा बंद असताना टप्प्याच्या दोन्ही टोकांना मातीचे बांध घाला, मध्ये पाणी भरा, पट्टी रोवा आणि पातळी किती उतरते ते काही दिवस लिहून ठेवा. बाष्पीभवन वजा केलं की उरतो तो पाझर. याला यंत्र लागत नाही, वही लागते. गावाच्या बैठकीत अस्तरीकरणाचा आराखडा घेऊन साहेब आले, तर आपल्या टप्प्याची ही वही आधी मागा.