तानसाच्या भिंतीमागचं शास्त्र

शहापूर तालुक्यातलं तानसा धरण १८९२ साली पुरं झालं. त्याची दगडी भिंत आजही मुंबईचं पाणी अडवून उभी आहे. पाण्याचा रेटा खोलीबरोबर वाढतो, म्हणून अशी भिंत पायाशी रुंद, माथ्याशी अरुंद बांधतात. ती स्वतःच्या वजनावर तग धरते. या रेट्याने दगडात निर्माण होणारा ताण अभ्यासणारं शास्त्र म्हणजे घन यांत्रिकी. पवईच्या आयआयटीत त्यावर संशोधन चालतं. अभियांत्रिकीनंतर ‘गेट’ आणि बी.एस्सी.नंतर ‘जॅम’ ही प्रवेशपरीक्षा देऊन तिथे उच्च शिक्षणाला जाता येतं. शहापूर-मुरबाडच्या शिक्षकांनो, ही वाट मुलांना अकरावीतच सांगा. धरणांसाठी जमिनी दिलेल्या या तालुक्यांतून धरणांचे अभ्यासकही घडलेच पाहिजेत.