हाक कुणाला, हे कुणी ठरवायचे?

परळीच्या औष्णिक विद्युत केंद्रात आज 250 मेगावॉटचे तीन संच आहेत, सहा, सात आणि आठ. प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या लेखी ते एकाच क्लासचे तीन ऑब्जेक्ट. ‘भार कमी करा’ ही मेथड तिघांकडे सारखीच. आता बंधाऱ्यातल्या पाण्यावर नजर ठेवणारा आणि ते घटले की संचांना ‘भार कमी करा’ अशी हाक देणारा एक वेगळा प्रोग्राम मनाशी धरा. परळीकरांना त्याची गरज पटवावी लागणार नाही; पाण्याअभावी 2013 च्या फेब्रुवारीत अख्खे केंद्र बंद ठेवावे लागले होते. या प्रोग्राममध्येच संचांची नावे लिहून ठेवली, तर संच बदलला की पाणी मोजणारा कोडही उघडावा लागतो. आणि संच बदलतातच. सुरुवातीचे 30 मेगावॉटचे संच केव्हाच मोडीत निघाले. म्हणून मोजणाऱ्याने नुसती हाक द्यावी, ती कुणाला जाईल ते बाहेरून डेलिगेटमध्ये, म्हणजे बोलवायच्या मेथड साठवून ठेवणाऱ्या ऑब्जेक्टमध्ये, भरावे. सी भाषेतल्या फंक्शन पॉइंटरला हे अर्धेच जमते: कोणते काम ते त्याला ठाऊक, कोणत्या संचाचे ते नाही. सी-शार्पचा डेलिगेट मेथडबरोबर तिचा ऑब्जेक्टही धरून ठेवतो. माझ्या मते त्याची खरी किंमत इथेच आहे, आणि शिकवताना नेमके हेच व्याख्येच्या ओळीत उरकले जाते.

हे सगळे इंटरफेसने होत नाही का? मायक्रोसॉफ्टने 1998 मध्ये व्हिज्युअल जे प्लस प्लसमध्ये डेलिगेट आणले, तेव्हा जावाच्या सन कंपनीचा आक्षेप हाच होता. होते, हे खरे. पण एका ओळीच्या कामासाठी वेगळा क्लास रचावा लागतो. पुढे 2014 मध्ये जावा 8 नेच मेथड रेफरन्स आणून ऑब्जेक्टसकट मेथड हाती देण्याची सोय केली. (तीही इंटरफेसच्याच पायावर, एवढे सनच्या बाजूने म्हणायला हवे.)

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. तिन्ही संच एकाच डेलिगेटला जोडले आणि सहाच्या मेथडने एक्सेप्शन फेकले, तर सात-आठपर्यंत हाक पोचतच नाही. मोडीत काढलेल्या संचाची मेथड डेलिगेटमधून काढली नाही, तर तो मेमरीत अडकून राहतो आणि हाकेला ओ देत राहतो. हे धोके खरे आहेत, पण त्यांना उपाय आहेत: डेलिगेटकडून यादी घेऊन एकेका मेथडला स्वतंत्रपणे बोलवा, तिचे एक्सेप्शन तिथेच पकडा, आणि ऑब्जेक्ट निवृत्त करताना आधी त्याची जोडणी तोडा. प्रात्यक्षिक परीक्षेत व्याख्या विचारण्याऐवजी सहा नंबर काढायला सांगावे आणि उरलेल्या दोघांना हाक जाते का, ते चालवून दाखवायला लावावे.