शेतासाठी हिरवा लेझर घ्यायचा विचार करताय?

जागलीला जाताना रानडुकरं आणि रोही हुसकायला हातातला हिरवा लेझर बरा पडेल, असं अनेकांना वाटतं. कुणाला तो वरातीत मिरवायला हवा असतो, तर कुणाच्या पोराने हट्ट धरलेला असतो. "डॉक्टर, घेतला तर चालेल का?" असं तुम्ही विचाराल तर माझं उत्तर सरळ आहे: घेऊ नका.

का, ते सांगतो. मधुमेहामुळे डोळ्याचा पडदा खराब झालेल्या रुग्णांना आम्ही 'पडद्याला लेझर' देतो, हे तुम्हाला माहीत असेल. तो बहुतेक वेळा ५३२ नॅनोमीटरचा हिरवाच लेझर असतो. शक्ती साधारण शे-दोनशे मिलिवॅट, आणि एक ठिपका द्यायला सेकंदाचा दहावा भागही पुरतो. तेवढ्यात पडद्यावर भाजल्याचा पांढरा डाग उठतो. आम्ही तो कडेच्या भागात देतो. वाचायला आणि चेहरे ओळखायला लागणारा मधला नाजूक भाग कटाक्षाने वाचवतो.

आता बाजारातला लेझर बघा. काडी पेटवतो, फुगा फोडतो, अशी जाहिरात असेल तर तो आमच्या यंत्राइतका किंवा त्याहून जास्त ताकदीचा आहे, असंच समजा. फरक एवढाच, की तो कुणाच्या डोळ्यात कुठे जाईल यावर कुणाचाच ताबा नाही. थेट त्याच्याकडे पाहिलं तर किरण नेमका त्या मधल्या भागावर एकवटतो. पापणी मिटायला पाव सेकंद लागतो. तोवर काम झालेलं असतं. आणि पडद्याला दुखत नाही, त्यामुळे कळतही नाही! रात्री शेतात पत्रा, मोटारीची काच, विहिरीतलं पाणी यांवरून परतलेला झोतही पुरेसा आहे.

"पण यावर पाच मिलिवॅटपेक्षा कमी लिहिलंय ना?" स्टिकरवर विसंबू नका. अमेरिकेच्या मानक संस्थेने २०१३ साली शंभरावर पॉइंटर तपासले, त्यातले सुमारे ९० टक्के हिरवे मर्यादेत बसले नाहीत. स्वस्त हिरव्या लेझरमधून न दिसणारे अवरक्त किरणही निसटतात, आणि ते दिसतच नसल्याने पापणी मिटत नाही. सोबत फुकट मिळणाऱ्या गॉगलवर तर माझा काडीचा विश्वास नाही.

आपल्याकडे हे घडलेलं आहे. २०२३ च्या गणेशविसर्जनानंतर पुण्या-कोल्हापुरात मिरवणुकीतल्या लेझर झोतांमुळे तरुणांच्या पडद्याला इजा झाल्याच्या बातम्या आल्या. पुढच्या वर्षी पुणे पोलिसांनी गणेशोत्सवात असे झोत लावायला बंदी घातली. त्या मिरवणुकीतले झोत निदान फिरते असतात. हातातला लेझर पोरगं मित्राच्या तोंडावर धरून ठेवू शकतं.

शेतासाठी साधी एलईडी बॅटरी, फटाके, कुंपण चालेल. डुकरं लेझरलाही चार दिवसांत सरावली तर मला नवल वाटणार नाही.

घरात आधीच असेल तर सेल काढून पोरांच्या हाती लागणार नाही असा ठेवा. आणि डोळ्यात झोत गेलाच, तर एकेक डोळा झाकून खिडकीच्या गजांकडे बघा. गज वाकडे दिसले, मधोमध काळा डाग दिसला किंवा अक्षरं तुटक वाटली, तर डोळे चोळू नका, मेडिकलमधून थेंब आणून घालू नका. त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. सेवाग्राम आणि सावंगी, दोन्हीकडच्या वैद्यकीय महाविद्यालयांत नेत्रविभाग आहे. ओसीटी तपासणीत इजा किती खोल आहे ते कळतं. काहींची नजर हळूहळू सुधारते, काहींच्या पडद्याला छिद्र पडून शस्त्रक्रिया लागते, आणि काहींचा डाग कायम राहतो. जाताना तो लेझर सेल काढून सोबत न्या. डॉक्टरांना त्यावरचे आकडे बघायचे असतात.