कुत्र्याची शाळा



नवागामच्या एका कुटुंबाने आम्हांस एक प्रश्न विचारला आहे. पोटापाण्यासाठी खानदेश सोडून सुरतेच्या आसऱ्याला आलेल्या शेकडो घरांपैकीच हे एक घर. त्यांच्या दारी दोन वर्षांचा एक गावठी कुत्रा आहे. पिल्लू होता तेव्हापासून तो साखळीला बांधलेला. मागे एकदा साखळी तुटली व तो शेजारच्या मुलाच्या पोटरीला चावला. मुलाला वेळेवर लस मिळाली, जखमही भरून आली. परंतु दोन घरांतले बोलणे जे बंद झाले ते अद्याप सुरू झालेले नाही. शेजारी म्हणतात, "कुत्र्याला विष घाला." घरातला बारा वर्षांचा मुलगा म्हणतो, "मोबाईलवर विलायती कुत्री अडथळ्यांवरून उड्या मारताना मी पाहिली आहेत. आपण आपल्यालाही शिकवू." बापाने आम्हांस विचारले आहे की, गावठी कुत्रा असले काही शिकतो काय? आणि ख्रिस्ती माणसाने ह्या कामी वेळ व पैसा खर्च करणे योग्य होय काय?

प्रश्न साधा दिसतो, परंतु त्यात एका मुक्या जिवाचे मरण आणि दोन कुटुंबांचा सलोखा गुंतलेला आहे. म्हणून ह्या आठवड्याचे पान आम्ही त्यासच देत आहोत.

मुलाने जे पाहिले ते खेळ दोन प्रकारचे आहेत. पहिल्यास 'अ‍ॅजिलिटी' म्हणतात. १९७८ साली लंडनच्या क्रफ्ट्स ह्या प्रसिद्ध श्वानप्रदर्शनात, दोन कार्यक्रमांच्या मधल्या वेळात प्रेक्षकांची करमणूक व्हावी म्हणून, घोड्यांच्या उड्यांच्या शर्यतीवरून हा खेळ प्रथम करून दाखविण्यात आला. मैदानात आडवे दांडे, कापडी बोगदा, उभ्या काठ्यांची रांग, अरुंद फळी, खालीवर होणारी झुलती फळी असे अडथळे मांडलेले असतात. ते ठरलेल्या क्रमाने व कमीत कमी वेळात पार करावयाचे. गळ्यात दोरी नाही, हातात काठी नाही. धनी बरोबर धावतो, परंतु कुत्र्याला स्पर्श करण्याची त्याला परवानगी नसते. केवळ शब्द व हाताची खूण. फळीच्या दोन्ही टोकांना वेगळा रंग दिलेला असतो व तेथे पाय टेकल्यावाचून उडी मारली तर चूक धरतात. कारण उंचावरून झेपावल्यास कुत्र्याच्या सांध्यांना इजा होते. म्हणजे नियमांत जनावराच्या जिवाची काळजी आधीच धरलेली आहे.

दुसरा खेळ 'फ्लायबॉल'. हा अमेरिकेतील कॅलिफोर्नियात सुमारे पन्नास वर्षांपूर्वी रुजला. चार कुत्र्यांचा एक संघ असतो. एकेकाने चार अडथळे ओलांडीत ५१ फूट धावावयाचे, टोकाच्या पेटीवर पंजा मारावयाचा, पेटीतून उडालेला चेंडू तोंडात झेलावयाचा आणि त्याच चार अडथळ्यांवरून परत यावयाचे. तो परत आला म्हणजे दुसऱ्याने निघावयाचे. पहिला यावयाच्या आधीच दुसरा निघाला, तर त्याला पुन्हा धावावे लागते.

ह्या खेळाचा एक नियम आम्हांस फार मनोज्ञ वाटतो. अडथळ्यांची उंची संघातील सर्वांत लहान कुत्र्याच्या मापाने ठरविली जाते. धिप्पाड कुत्र्यांनीही तेवढ्याच उंचीवरून उड्या मारावयाच्या. त्यामुळे पुष्कळ संघ आपल्यात एक लहानसा कुत्रा मुद्दाम बाळगतात. त्याच्यामुळे सर्वांचे ओझे हलके होते. आपल्या घरांत व धर्मग्रामात आपण उलट करतो. सर्वांत धडधाकटाच्या मापाने उंची ठरवितो आणि म्हातारी आजी, अडखळत वाचणारे मूल, हातावर पोट असलेला शेजारी मागे राहिला म्हणजे त्याला दोष देतो. लहानांना आपल्यामध्ये उभे करणाऱ्या प्रभू येशूच्या शिष्यांनी ह्या नियमाचा विचार करावा.

आता गावठी कुत्रा शिकतो काय, हा प्रश्न. आपल्या मातीतल्या कुत्र्यांना कमी लेखण्याची आपणांस खोड आहे. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी जोपासलेली शिकारी कुत्र्यांची जात आज लष्करापर्यंत पोहोचली आहे आणि २००५ साली टपाल खात्याने तिला तिकिटावर स्थान दिले. उत्तराखंड पोलिसांनी तर रस्त्यावरच्या एका कुत्र्याला शिकवून २०१९ साली आपल्या श्वानपथकात घेतले. जात कोणती ह्यापेक्षा शिकविणारा कसा, ह्यावरच बहुतेक अवलंबून असते.

शिक्षणाने काय घडते ह्याचे उदाहरण महाराष्ट्रात आहे. पुण्यास शिवाजीनगर येथे पोलिसांच्या गुन्हे अन्वेषण विभागाचे श्वान प्रशिक्षण केंद्र आहे. तेथे शिकून मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकात गेलेला 'जंजीर' हा लॅब्रॅडोर कुत्रा अनेकांस आठवत असेल. १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतरच्या काळात त्याने ३,३०० किलोहून अधिक आरडीएक्स व शेकडो स्फोटक साधने हुडकून काढली. किती आयांची लेकरे त्यामुळे घरी सुखरूप परतली असतील, ते परमेश्वरच जाणे. नोव्हेंबर २००० मध्ये तो मेला तेव्हा पोलिसांनी त्याला मानवंदना दिली. अशा कुत्र्याला स्फोटकाचे भय किंवा देशभक्ती ठाऊक नसते. वास सापडला की धनी आनंदतो व आपणांस आवडीची वस्तू मिळते, एवढेच तो जाणतो. त्याच्या दृष्टीने तो खेळच होय.

आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासातही असे शिक्षण झालेले आहे. आल्प्स पर्वतातील संत बर्नार्डच्या खिंडीत धर्मबंधूंचा एक आश्रम आहे. बर्फात वाट चुकलेल्या प्रवाशांना शोधण्यासाठी तेथील धर्मबंधूंनी कुत्री पाळली. नवी कुत्री जुन्या कुत्र्यांबरोबर हिंडून वाट व वास शिकत. त्यांच्यातील बॅरी नावाच्या कुत्र्याने सन १८०० ते १८१२ च्या सुमारास चाळीसांहून अधिक माणसे वाचविली असे सांगतात. त्याचे शरीर बर्न शहराच्या संग्रहालयात आजही जपून ठेवले आहे. आपल्या पवित्र ग्रंथात तोबिताच्या पुस्तकात तोबिताचा मुलगा देवदूताबरोबर लांबच्या प्रवासास निघतो, तेव्हा घरचा कुत्राही सोबत जातो. आणि श्रीमंताच्या दारी पडलेल्या लाजराजवळ कोण आले, हे संत लूकच्या शुभवर्तमानात सर्वांनी ऐकले आहे. घरधनी आला नाही, कुत्री आली.

आता प्रत्यक्ष कृती सांगतो. तीस पैसा लागत नाही. भाकरीचे बोटभर तुकडे व दिवसातून दोन वेळा पाच-पाच मिनिटे, एवढे पुरे. तुकडा कुत्र्याच्या नाकासमोर धरून हळूच डोक्याकडे मागे न्यावा. तो वर पाहू लागला म्हणजे मागचा भाग आपोआप खाली टेकतो. टेकताच "बस" म्हणावे आणि तत्क्षणी तुकडा द्यावा. क्षणाचाही उशीर झाला तर आपणांस हे कशाबद्दल मिळाले ते त्याला कळत नाही. "बस" पक्के झाले की "थांब", आणि मग "ये". ह्या तीन शब्दांवर पुढची सारी इमारत उभी राहते.

येथे नवागामच्या घरांत एक अडचण हमखास येते. आजी अहिराणीत "बठ" म्हणते, आई मराठीत "बस" म्हणते आणि शाळेतून आलेला मुलगा गुजरातीत "बेस" म्हणतो. बिचाऱ्या कुत्र्याने कोणाचे ऐकावे? घरातील सर्वांनी बसून एक शब्द ठरवावा व सर्वांनी तोच वापरावा. कुत्र्याच्या निमित्ताने का होईना, घर एका शब्दावर आले तर ते थोडे नव्हे. बाप एक सांगतो व आई दुसरे सांगते, अशा घरातली मुलेही त्या कुत्र्याप्रमाणेच गोंधळतात.

दुसरा नियम ह्याहून मोठा आहे. बोलाविल्यावर आलेल्या कुत्र्याला कधीही मारू नये. मग तो कितीही उशिरा येवो, अगर काहीही नासधूस करून येवो. आपण त्याला चपलेबद्दल मारीत असतो, परंतु तो समजतो की जवळ आलो म्हणून मार मिळाला. पुढच्या वेळी तो येत नाही, आणि आपण म्हणतो की कुत्रा मस्तवाल झाला. आईबापांनो, हे वाक्य पुन्हा वाचा. मडके फुटले म्हणून स्वतः सांगावयास आलेल्या मुलाला ज्या घरी बुक्की बसते, त्या घरी मूल खोटे बोलण्यास शिकते. उधळ्या पुत्राचा बाप दाराशी हिशेब मागत उभा राहिला असता, तर तो पुत्र पुन्हा उंबऱ्याशी आला असता काय? पापनिवेदनाची वाट प्रभूने आपल्यासाठी अशीच उघडी ठेवली आहे.

तीन शब्द आले की मग मुलाने आपला खेळ मांडावा. दोन विटांवर बांबू ठेवून घोट्याइतक्या उंचीचा अडथळा करावा. वाकविलेल्या कामट्यांवर गोणपाट टाकले म्हणजे बोगदा होतो. विटांवर रुंद फळी ठेवली म्हणजे पूल होतो. मातीची मोकळी जागा पाहावी. सिमेंटवर उड्या मारवू नयेत. कुत्रा बिचकला तर ओढू नये, अडथळा खाली आणावा. पिल्लू असेल तर हाडे पक्की होईपर्यंत, म्हणजे निदान वर्षभर, उंच उड्या नकोत. इंग्लंडात तर अठरा महिन्यांच्या आतील कुत्र्याला स्पर्धेत उतरूच देत नाहीत. आणि आपल्याकडचे ऊन विसरू नका. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो जीभ काढून धापा टाकूनच अंग थंड करतो. म्हणून खेळ सूर्योदयापूर्वी किंवा तिन्हीसांजेला, आणि जवळ पाण्याचे भांडे असावे.

साखळीविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. जन्मभर दोन हातांच्या साखळीवर बांधलेला कुत्रा राखण करीत नाही, तो भयाने व कंटाळ्याने पिसाटतो. ज्याला माणसांत वावरावयास कधी मिळालेच नाही, तो सुटल्यावर चावेल ह्यात नवल कसले? १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणे फार आखूड वा जड साखळीने जनावर अवास्तव काळ बांधून ठेवणे हा गुन्हा आहे. आणि कुत्र्याला क्रूरपणे मारणे हाही गुन्हा आहे. विषाचा विचार मनातून काढून टाकावा. विषाचा गोळा कुत्र्यानेच खावा असे त्याच्यावर लिहिलेले नसते. गल्लीत रांगणारी मुलेही असतात.

परंतु कुत्र्यावर दया करताना माणसाच्या जिवाशी खेळ नको. कुत्रे तीन महिन्यांचे झाले की त्यास रेबीजची लस द्यावी व पुढे दरवर्षी देत जावी. कोणास कुत्रा चावलाच तर जखम वाहत्या पाण्याने व साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. चुना, तिखट, हळद काही लावू नये. मांत्रिकाकडे जाऊ नये. चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवावी, मात्र लस घेण्यासाठी ते दहा दिवस थांबू नये. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की वैद्यकशास्त्राचे हात जवळजवळ टेकलेले आहेत.

राहिला पैशाचा प्रश्न. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथात ह्याविषयी दोन्ही बाजू सांगितल्या आहेत. जनावरांना विनाकारण यातना देणे माणसाच्या प्रतिष्ठेस शोभत नाही. तसेच गरजवंत माणसांच्या वाट्याचा पैसा जनावरांवर उधळणे हेही शोभत नाही. जनावरावर माया करावी, परंतु माणसाच्या हक्काचे प्रेम त्यास देऊ नये. मोठ्या शहरांत कुत्र्यांचे वाढदिवस साजरे होतात व त्याच इमारतीचा रखवालदार उपाशी झोपतो, हे आम्हांस मान्य नाही. परंतु भाकरीचा तुकडा, एक लस आणि मुलाची दहा मिनिटे, ही उधळपट्टी नव्हे. उलट, मोबाईलवर वाया जाणारा वेळ त्या मुलाने एका जिवाला धीराने शिकविण्यात घालविला, तर त्याचा त्यालाच लाभ. जो कुत्र्यासमोर शंभर वेळा राग गिळतो, तो उद्या धाकट्या भावासमोरही गिळील.

म्हणून त्या कुटुंबास आमचे उत्तर असे: कुत्रा मारू नका, शिकवा. आधी त्यास लस द्या, अंगणाला पक्के कुंपण घाला, मग साखळी काढा. बाहेर नेताना दोरी असावी, आणि ती मोठ्या माणसाच्या हाती असावी. चावरी खोड एका महिन्यात जात नाही. लहान मुलांजवळ त्यास एकटा कधीही सोडू नका.

आणि ह्या सर्वांच्या आधी एक काम आहे. वेदीपाशी अर्पण आणण्यापूर्वी भावाशी समेट करावा, ही प्रभूची आज्ञा आपण जाणता. येत्या रविवारी मिस्साला जाण्यापूर्वी नवराबायकोने शेजाऱ्याच्या दारी जावे. कुत्र्याची बाजू मांडू नये, साखळी कशी तुटली ते सांगू नये. मुलाच्या पोटरीची विचारपूस करावी, दवाखान्याचा जो खर्च झाला असेल तो पुढे करावा आणि क्षमा मागावी. शेजारी पहिल्या खेपेस बोलले नाहीत तर दुसऱ्या रविवारी पुन्हा जावे. अडथळा उंच वाटला तर तो खाली आणावयाचा असतो, हे आता आपणांस ठाऊकच आहे.

परमेश्वर दोन्ही घरांस शांती देवो.